चिंचोक्यांवर चालणारी गाडी

गावातल्या आमच्या घराला कडी होती, कुलूप नव्हतं. बाबा सालगडी, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. चोरानं न्यावं असं घरात होतं काय? त्यामुळं स्वतःच्या मालकीची किल्ली म्हणून माझ्या हातात पहिल्यांदा जी आली ती एकोणतिसाव्या वर्षी, आणि एकदम चारचाकीची. घरातली पहिली पदवीधर मी, पहिली इंजिनिअर मी, गाडी घेणारीही मीच. गाडी जुनी होती, किल्ली एकच होती आणि किल्लीतलं रिमोट बिघडलेलं होतं. अभिमान मात्र कोरा करकरीत होता.

ते रिमोट मी शेजारच्या मावशींकडं नेलं.

मावशी कुठलीही बिघडलेली वस्तू आधी कानाशी नेऊन हलवायच्या. मग डोळे मिटून म्हणायच्या, "उघडल्याबिगर कसं कळंल?" नांदेडच्या आमच्या गल्लीत या एका वाक्यावर किती मिक्सर आणि इस्त्र्या उघडल्या गेल्या याची गणती नाही. शिक्षण चौथी. हत्यारं म्हणजे केसातला आकडा, ब्लाउजची सुई आणि अर्धं खोडरबर.

नुकतंच त्यांनी आमच्या घरमालकांचं कानाचं यंत्र उघडून नीट केलं. इतकं नीट, की बायको स्वयंपाकघरात काय पुटपुटते ते मालकांना ओसरीवर ऐकू यायला लागलं. त्यावरून मालकीणबाई पंधरा दिवसांपासून मावशींशी बोलत नव्हत्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांनी केलेली दुरुस्ती सगळ्यांनाच सोसत नाही.

ते उन्हाळ्याचे दिवस. मावशी व्यापाऱ्याची चिंच फोडायला घरी आणायच्या. अंगणात एकीकडं चिंच, एकीकडं टरफलं, मधल्या पाटीत चिंचोक्यांचा ढीग.

"काय करून राहिलीस, इंजिनेर? ऑफिस न्हाई का आज?"

"रजा काढली, मावशी. गावाला जायचंय."

गाव आमचं जळकोटजवळ. आई-बाबांना पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून नांदेडला आणायचं होतं. आईनं गावभर सांगून ठेवलं होतं, "पोरगी पाचला गाडी घेऊन येणार हाय." बाबा ज्यांच्या रानात राबले त्यांच्या ओट्यावर उभं राहूनसुद्धा सांगितलं होतं. मी एसटीनं गेले असते तर आई एका शब्दानं बोलली नसती. तेच मला सोसलं नसतं.

मावशींनी किल्ली कानाशी हलवली. "सेल नवा टाकलास?"

"हो. तरी दार उघडत नाही."

"तू इंजिनेर ना गं?"

"मी सिव्हिलची, मावशी. धरणं, पूल..."

"मंग? धरणाला दार नसतंय व्हय?"

आकड्यानं त्यांनी किल्लीचं झाकण उचकटलं. सेलला टेकणारी पत्र्याची पट्टी खाली दबली होती. ती त्यांनी सुईनं वर उचलली आणि खोडरबरानं घासून चकचकीत केली. चार मिनिटांचं काम. तेवढ्यात झाकणातून काळं, लहानसं काहीतरी टुणकन उडालं आणि पाटीत पडलं.

आता मावशींनी जे करू नये तेच केलं. "अय्यो!" म्हणत दोन्ही हातांनी अख्खा ढीग ढवळून काढला.

गाडीच्या जुन्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ती चिप. ती किल्लीच्या भोकाजवळ नसली तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते." चिप दिसते कशी? "चिंचोक्याएवढी. काळी."

मी पाटीतले चिंचोके निवडायला बसले. घड्याळात दीड वाजला होता.

गल्लीतल्या सगळ्या बाया पाटीभोवती जमल्या. दर मिनिटाला कोणीतरी ओरडायचं, "सापडली!" आणि तो चिंचोका निघायचा. मालकीणबाईंनी तर एक चिप दातानं चावून पाहिली. तीही चिंचोकाच. मावशींच्या डोळ्यात मोतीबिंदू, पण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. साधारण दोनला त्यांनी एकदम पाटीतून हात बाहेर काढले.

"ती चिप भोकाजवळ असली म्हंजी झालं ना? किल्लीतच पायजे असं न्हाई?"

"नाही... म्हणजे, तसं असावं."

"मंग निवडत कामून बसायचं? मूठ-मूठ नेऊन धरू की."

सहा वर्षं मी इंजिनिअरिंग शिकले. एक वर्ष ज्यादा गेलं, एक गणितानं खाल्लं. पण हे मला सुचलं नाही.

मी गाडीत बसले. मावशी उघड्या दारातून वाकून भोकाजवळ मूठ धरून उभ्या. पहिली मूठ. गाडी खोकली आणि मेली. मूठ बादलीत, दुसरी मूठ. परत तेच. बाया मोजायला लागल्या, पोरीबाळी टाळ्या वाजवायला लागल्या. अकरा, बारा, तेरा. सतराव्या मुठीला गाडी गुरगुरली आणि गुरगुरतच राहिली.

काय आरडाओरडा झाला! मालकीणबाईंनी पंधरा दिवसांचा अबोला विसरून मावशींना मिठी मारली. मावशी मात्र तशाच वाकलेल्या, मूठ घट्ट.

"सोडू का नको? मी येते की अशीच. जळकोटपस्तोर धरून बसते!"

"मावशी, ओणवं दोन तास?"

"चिंच फोडायला दिवसभर बसते, हे काय लई हाय?"

मुठीतून चिप निवडत बसायला वेळ नव्हता, तीन वाजत आले होते. त्यांनी पदराची किनार टरकन फाडली, मुठीतले चिंचोके तिच्यात बांधले आणि ती पुरचुंडी भोकाशेजारी आवळून टाकली. मग रिमोटचं बटण दाबलं. गाडीचे दिवे टुकटुक लुकलुकले. सगळ्या गोंधळात ते रिमोट आम्ही विसरूनच गेलो होतो.

"बघ, माझं काम मी केलतं," मावशी म्हणाल्या. "पळालं ते त्या कारखानेवाल्याचं."

गावात आईनं ती पुरचुंडी पाहिली, नजर लागू नये म्हणून बांधली असेल असं समजून तिला हळदी-कुंकू लावलं.

मावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी दवाखान्यातसुद्धा सलाईनच्या स्टँडचं चाक कुरकुरतंय म्हणून आकडा मागत होत्या. त्यांच्या दाराला आता दुसऱ्या भाडेकरूची पाटी आहे. आमच्या गल्लीत बिघडलेली वस्तू आता कोणी कानाशी नेत नाही, सरळ फेकून देतात.

चिंचोक्यांच्या त्या दिवशी पाचला पाच मिनिटं कमी असताना मी गाडी गावात नेली. आई पुढं बसली, बाबा मागं. आणि आमच्या घरातली दोन माणसं पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून नांदेडला आली.