कॅलेंडरातल्या राजवाड्यामागची वाट

निघायच्या सकाळी मी ह्यांना बशीतनं चहा पाजत होते. हे म्हणजे माझे यजमान. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि हळूहळू बोलायची इच्छाच गेली. पेपर नको, टीव्ही नको, शेजारचे मास्तर गप्पा मारायला आले की डोळे मिटून घ्यायचे. त्या सकाळी मात्र चहा संपल्यावर त्यांनी डावा हात उचलून भिंतीकडं दाखवला.

"तेवढं बघून ये."

"काय बघू?"

"झाडामागं काय हाय ते."

भिंतीवर कॅलेंडरचं एक पान फ्रेम करून लावलंय. हे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होते, सूत रंगवायचं काम त्यांच्या हाताखाली. रंग विकणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस दर वर्षी एक कॅलेंडर देऊन जायचा. त्यातलं हे जून महिन्याचं पान, त्याला आता तीस वर्षं झाली. पिवळा राजवाडा, पुढं तळं, तळ्याकाठी डावा हात तुटलेली एक दगडी बाई, आणि तिच्या बाजूनं निघालेली वाट दोन मोठ्या झाडांमागं वळून दिसेनाशी झालेली. खाली जर्मनी एवढंच छापलेलं. कारखान्यातनं आले की हे निळ्या बोटांनी जेवताना त्या वाटेकडं बघायचे. "ही कुटं जात असंल गं?" कधी म्हणायचे मागं देऊळ असंल, कधी म्हणायचे आमराई. आमची सुजाता तेव्हा दुसरीत. तिनं सांगितलं, मागं वाघ बसलाय. ते पुष्कळ दिवस पुरलं.

ती सुजाता आता जर्मनीतच नोकरीला आहे. तिनं तिकीट काढलं, धाकट्या जावेनं ह्यांना बघायचं कबूल केलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी मी विमानात बसले. ह्यांनी सांगितलेलं काम एवढं एकच.

प्रवासाबद्दल काय सांगू. मुंबईपर्यंत गाडी, मग रात्रभर विमान. गुडघे सुजून नारळाएवढे झाले. बर्लिनला उतरल्यावर सुजाता समोर दिसली, तर मला रडू यायच्या ऐवजी जांभई आली. "आई, इतकी कंटाळलीस?" म्हणाली. कंटाळले नव्हते. थकवा हा वेगळाच असतो, तो दोन वर्षं अंगात मुरलेला होता. विमानात बसल्यावर त्याला कळलं, की आता बाहेर पडायला हरकत नाही.

सुजातानं त्या पानाचा फोटो कॉम्प्युटरवर टाकून शोध घेतला होता. उत्तरेकडं मेक्लेनबुर्ग म्हणून खेड्यापाड्यांचा मुलूख आहे. तिथं गावोगाव जुन्या जमीनदारांचे श्लोस (राजवाडे) आहेत, आपल्याकडं गावोगाव मारुती असतात तसे. त्यातले तीन तिला कॅलेंडरसारखे वाटले. तीन राजवाडे, तीन दिवसांची रजा.

गाडीनं निघालो. मे महिना. मोहरीसारखी पिवळी फुलं आलेली शेतं, इतकी सपाट आणि इतकी लांबवर, की मला मंगळवेढ्याकडचं ज्वारीचं रान आठवलं. फक्त माती झाकलेली आणि माणूस नाही. अर्ध्या तासात रस्त्यावर एक ट्रॅक्टर दिसला, त्याच्यावरही एकच माणूस. खांबाच्या टोकावर चाक बसवून त्यावर करकोच्यांची घरटी होती. "इथले लोक पक्ष्यांना घर बांधून देतात," सुजाता म्हणाली. मी म्हटलं, माणसं नाहीत म्हटल्यावर कुणाला तरी द्यायला नको का.

पहिला राजवाडा पांढरा निघाला. तळं होतं, पण बाई नव्हती. तिथल्या बागेत एवढं चालावं लागलं की प्रत्येक बाकावर मी बसून घेतलं. सुजाता मोजत होती, सात बाक झाले. त्या दिवशी खाणावळीत श्पारगेल (शतावरीच्या जातीचे जाड पांढरे कोंब, त्यांच्याकडं ह्याच दिवसांत येतात) खाल्ले. उकडलेले, सोबत उकडलेले बटाटे, वर लोणी. वाढणारी बाई कौतुकानं उभी राहिली म्हणून मी मान डोलावली. ती गेल्यावर पिशवीतनं शेंगाचटणी काढून वर भुरभुरली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांनाही कळंल कशाची कमी होती ते."

दुसऱ्या राजवाड्याचं हॉटेल झालं होतं. रंग पिवळा, म्हणून गाडी थांबायच्या आधीच मी पट्टा सोडला. पण तळ्याच्या जागी गाड्या लावलेल्या. तिथल्या माणसाला सुजातानं फोटो दाखवला. तो बराच वेळ बघून म्हणाला, झाडं अशी सगळीकडंच आहेत. ते खरंच होतं. संध्याकाळी जावेचा फोन आला. ह्यांनी दोन घास खाऊन ताट सारलं होतं. मी विचारलं, काही म्हणाले का? "काही नाही," जाऊ म्हणाली, "भिंतीकडं तोंड करून झोपलेत."

तिसऱ्या दिवशी पोचायला चार वाजून गेले. राजवाडा समोरनं बघितला आणि मी सुजाताला म्हटलं, हा नव्हे. राखाडी भिंती, चिंचोळ्या खिडक्या, पुढं तळं नाही, नुसतं खडीचं अंगण. शेवटचाच होता. तिलाही वाईट वाटलं असावं. म्हणाली, आलोच आहोत तर आतनं बघू, पाच वाजता बंद करतात.

ती तिकिटाला उभी राहिली आणि मी दारात आले. दाराशी लाकडी खोक्यात जाड लोकरी सपाता ठेवलेल्या, हत्तीच्या पायात बसतील एवढ्या मोठ्या. मला बरं वाटलं. बूट काढले, भिंतीशी जोडी नीट लावून ठेवली, मोज्यांवर सपाता चढवल्या आणि आत गेले. सुजातानं मागनं येऊन आपल्याही चढवल्या. दोघी घसरत घसरत खोल्या बघत गेलो. खोल्यांचं फार आठवत नाही. एक पलंग होता, फार आखूड. सुजाता म्हणाली, पूर्वीचे लोक उशांना टेकून बसूनच झोपायचे. राजा होऊन बसून झोपायचं तर त्या लोकांनी एवढं घर कशाला बांधलं, असं मनात आलं.

शेवटचं दार मागच्या बागेत उघडत होतं. तिथंही एक खोकं. पुढच्या माणसांनी सपाता काढून त्यात टाकल्या आणि बघते तर प्रत्येकाच्या पायात आतनं बूट. सपाता बुटांवरनं घालायच्या होत्या, लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून.

"आई, तुझे बूट कुठायत?"

"दारात काढले की."

"कुठल्या दारात?"

"पुढच्या. आणखी कुठं काढतात?"

"हे काय देऊळ आहे का गं?" तिनं कपाळाला हात लावला. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. "इथंच बस. हलू नकोस. मी वळसा घालून घेऊन येते."

मी पायरीवर बसले. ऊन आपल्याकडच्या तीन वाजल्यासारखं. पाय दुखत होते, डोळे मिटायला लागले होते. मिटायच्या आधी समोर बघितलं तर तळं होतं. तळ्याकाठी दगडी बाई, आणि तिचा डावा हात कोपरापासून नव्हता.

मी वळून राजवाड्याकडं बघितलं. मागची बाजू पिवळी होती. फोटो मागनं काढला होता.

सुजातानं हलू नको म्हटलेलं माझ्या लक्षात होतं. बूट नाहीत हेही लक्षात होतं. पण पाचला बंद करतात म्हणजे बागही करत असतील, आणि आपले गुडघे परत इथं येणार नाहीत. पायात त्यांच्याच सपाता होत्या. तशीच उठले. बाईच्या बाजूनं वाट होती, बारीक झालेली. दोन झाडांपैकी एकच उरलं होतं, दुसऱ्याचं खोड तेवढं जमिनीलगत. त्या खोडाला हात टेकून दम खाल्ला आणि वळले.

मागं गवत होतं. एवढंच. उताराचं मोकळं गवत, कडेनं पाण्याचा पाट, पाटाशी एक विटांची खोली, दाराला कुलूप. देऊळ नाही, आमराई नाही. मी त्या पाटाशी खाली बसले. तीस वर्षं जो माणूस भिंतीवरच्या ह्या वाटेकडं बघत आला, त्याला जाऊन मी गवत सांगणार होते.

मागनं हाका आल्या. "नाइन, नाइन" (नको, नको) करत तिथली राखणदार बाई येत होती, साठीपुढची, उंच, एका हातात माझे बूट. मागं पळत सुजाता. बाईनं माझ्या पायाकडं बोट दाखवलं. सपाता चिखलानं भरल्या होत्या.

"त्या म्हणतायत, सपाता राजवाड्याच्या आहेत, गवतात नेत नाहीत," सुजाता म्हणाली. मग तिनं पाटाकडं, झाडाकडं बघितलं आणि तिचा आवाज बदलला. "आई. हेच का?"

"हेच. बाईंना विचार, इथं काय होतं."

सुजातानं मोबाईलवरचा कॅलेंडरचा फोटो दाखवला आणि ह्यांच्याबद्दल सगळं सांगितलं. किती सांगितलं मला कळलं नाही, पण बाईचा चेहरा सैल पडला. ती गुडघ्यावर हात देऊन माझ्या शेजारी बसली. तिचेही गुडघे वाजले. तेवढ्यावरनं आमची ओळख झाली.

सुजाता सांगत गेली तसं मला कळत गेलं. हे कापडाचं गवत. राजवाड्यातलं सगळं तागाचं कापड, चादरी, मेजावरची कापडं, इथं उन्हात पसरायचे. पाटातलं पाणी झारीनं शिंपडायचं, वाळलं की परत शिंपडायचं, उलटायचं, असं बरेच दिवस. त्यानं कापड पांढरं होतं. युद्धानंतर घरदार गमावलेली माणसं ह्या राजवाड्यात राहायला आली, त्यात बाईची आजी होती. तीही इथंच कापड पसरायची. बाईला लहानपणी एकच काम, कापडावर बदकं येऊ द्यायची नाहीत.

"आमच्याकडं कावळे," मी म्हटलं. "त्यांना सांग. रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर वाळत घातल्या की मी काठी घेऊन बसायची. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं काम तेच मिळालं."

सुजातानं सांगितलं. बाई हसली आणि काठी उगारल्यासारखा हात केला. मीही केला. मग पिशवीतली कडक भाकरी तिला दिली. तिनं मोडून खाल्ली आणि सुजाताला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बूट घाला आता, मला फाटक लावायचंय."

सपाता मी पाटात खळबळून, पिळून दिल्या.

सुजातानं गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाली, "बाबांना सांग की मागं मोठी बाग होती, हंस होते. त्यांना काय कळणारंय."

"त्यांना कळतं," मी म्हटलं आणि झोपले.

सोलापुरात उतरले तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं. घरी आले, पाय धुतले, ह्यांच्या कॉटपाशी बसले. जाऊ चहा ठेवायला आत गेली. हे माझ्याकडं नाही, भिंतीकडं बघत होते. मी सांगितलं. एक झाड पडलंय ते सांगितलं, गवत सांगितलं, कापड, झारी, बदकं, सपातासुद्धा सांगितल्या. सपातांना हसतील वाटलं, हसले नाहीत. मला वाटलं, सुजाताचं ऐकायला हवं होतं.

"पानी?" हे म्हणाले.

मी तांब्या पुढं केला. त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला.

"पाटाचं. कसं हुतं?"

"गार होतं."

"ते न्हवं. जड का हलकं?"

जन्मभर हा माणूस सोलापूरच्या जड पाण्याशी भांडला. ह्या पाण्यात रंग चढत न्हाय, लाल मागावा तर विटकरी येतो, हे मी हजारदा ऐकलंय.

"ते मी नाही बघितलं," म्हटलं.

"साबण लावून बघायचा. फेस आला तर हलकं."

"साबण नव्हता हो जवळ."

"येवढ्या लांब गेलीस," त्यांनी मान हलवली, "आन पानी बघितलं न्हाईस." एका दमात एवढं बोललेलं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. आतनं जाऊ चहाचं पातेलं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. गुडघ्यांची सूज अजून उतरली नाही, आणि राजवाड्यांची नावं विचाराल तर एक सांगता यायचं नाही. थकवा जसा नेला तसा परत आणला, थोडा वाटेत सांडला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी उशीला टेकवून बसवायला सांगितलं आणि सुजाताला फोन लावायला लावला.

"बाबा म्हणतायत, त्या पाटाचं पाणी जड की हलकं ते बघ."

"आई, तीन तास लागतात गाडीनं."

"माहितीये. साबण घेऊन जा."