फोटो मी काढला होता

फरशीवर पिवळ्या टेपने चौकोन आखलेले होते. टेपच्या कडेला खडूने आकडे. शून्य, एक, दोन, तीन. फळ्यावर प्रश्न लिहिलेला. तुमच्या आधी तुमच्या घरातल्या किती पिढ्या कॉलेजात गेल्या?

"चलो, अपने-अपने नंबर पर," मॅडम म्हणाल्या.

मुलं हसत, एकमेकांना ढकलत उभी राहिली. कुणी विचारलं, नानी को गिनें क्या? कुणी पणजोबांचं सांगत होतं, बॅरिस्टर होते म्हणून. एकामागे एक अशा रांगा झाल्या. माणसांचाच बार चार्ट. दोनच्या आकड्यामागे सगळ्यात लांब रांग. तीनच्या मागे थोडी कमी. एकच्या मागे चार-दोन जण.

शून्यावर मी.

माझ्या मागे कुणी नव्हतं. तरी मी वळून बघितलं. परत एकदा बघितलं.

एक मुलगा म्हणाला, "मैम, ये तो आउटलायर है."

सगळे हसले. दुष्टपणे हसले असं मी म्हणणार नाही. जोक झाला म्हणून हसले. आउटलायर म्हणजे बाकीच्या आकड्यांपासून लांब पडलेला एकटा आकडा. तो शब्द आम्हाला त्याच सकाळी शिकवला होता. लगेच उपयोगी पडला.

मॅडमही हसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रांगांकडे. मग परत माझ्याकडे.

"शेप बिगड़ रहा है थोड़ा. बेटा, तुम एक काम करो. तुम बाहर आ जाओ. ऊपर से फोटो तुम ले लो."

आणि त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला.

वर्गात एक लोखंडी जिना होता, वरच्या स्टोअरकडे जाणारा. मी चढले. वरून सगळ्यांची फक्त डोकी दिसत होती. नीट कापलेले केस, रंगवलेले केस, एक लाल टोपी. सगळे वर बघून हात हलवत होते. माझ्याकडे नाही, फोनकडे. शून्याचा चौकोन रिकामा होता. खालून कुणीतरी ओरडलं, "जीरो फ्रेम में मत लेना!"

मी घेतला नाही. फोन सरळ धरला. हात हलू दिला नाही.

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या.

फोटो खरंच चांगला आला होता.

माझे वडील फौजेत आहेत. फौजेत म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या वडिलांच्या हातात झाडू असतो. पूर्वी त्या कामाला कागदावर सफाईवाला म्हणायचे, आता हाउसकीपर म्हणतात. नाव बदललं, झाडू तोच राहिला. परभणीकडच्या आमच्या गावात आमची घरं ओढ्याच्या पलीकडे आहेत. का आहेत ते कुणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं. वडील दहावी झाले आणि भरतीला गेले. आईची शाळा चौथीत सुटली. मी दिल्लीच्या छावणीत वाढले. एकसारखी क्वार्टर्स, चुना मारलेले दगड, सकाळचा बिगुल. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

बारावीनंतर मला फीमाफीवर गुरुग्रामच्या एका डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला. वडिलांनी विचारलं, "डिझाइन म्हंजे? कपडे शिवायचे?" मी सांगितलं, माहितीचं चित्र काढायचं. आकडे असतात, ते बघणाऱ्याला दिसले पाहिजेत असे मांडायचे. त्यांना कळलं नाही. पण त्यांनी पलटणीतल्या सगळ्यांना सांगितलं, पोरगी माहितीची चित्रं काढते.

धौलाकुआँवरून बस. मग काचेच्या इमारती. त्यातल्या एका इमारतीत आमचं कॉलेज. पहिल्या आठवड्यात मी कँटीनच्या कोपऱ्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. एक मुलगी धावतच आली.

"अय्या, मराठी! यार, इथे कुणीच नव्हतं गं. मी मुग्धा. मयूर विहार. तू कुठली?"

"छावणीत राहतो आम्ही. तसे परभणीकडचे."

"अच्छा, आर्मी! मस्त. बाबा ऑफिसर?"

"नाही."

"आणि आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली.

तो दुसरा अच्छा पहिल्यासारखा नव्हता. त्यानंतर मुग्धा माझ्याशी बोलायची. तोंड फिरवायची नाही, तिला तसं वाईट वागता यायचं नाही. पण हिंदीत बोलायची. मराठी तिने माझ्यापुरती बंद केली. हे मी कुणाला सांगितलं असतं तर कुणी म्हटलं असतं, त्यात काय एवढं, दिल्लीत सगळे हिंदीच बोलतात. म्हणून सांगितलं नाही.

तरी एक सांगते. मला ते शिकणं आवडायचं. फार आवडायचं. आम्हाला पहिले काही महिने कॉम्प्युटरला हात लावू देत नव्हते. सगळं हाताने. राजमाचे दाणे कागदावर मांडून लोकसंख्या दाखवा. खिळे ठोका, त्यांच्यामधून दोरा ओवून मेट्रोची गर्दी दाखवा. एकच आकडा पाच प्रकारे काढा आणि कुठला प्रकार काय लपवतो ते सांगा. माझा हात स्वच्छ चालायचा. कटरने कागद कापला की कड सुरीसारखी सरळ यायची. दोरा ओवताना मी जेवण विसरायचे. मला वाटायचं, ही जागा माझी आहे. मग मान वर केली की कळायचं, टेबल माझं आहे, जागा नाही.

एक अभ्यास असा होता. आठवडाभर स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट मोजायची आणि ती पोस्टकार्डावर काढायची. कुणी किती वेळा चहा प्यायला ते मोजलं. कुणी आरशात बघणं मोजलं. मी मोजलं की कॉलेजात मला नावाने कोण हाक मारतं. प्रत्येक हाकेला एक निळा ठिपका. वर्गातली हाक वर, कँटीनमधली खाली, बाहेरची कडेला. हजेरीच्या हाका सोडून.

कार्ड जवळजवळ कोरंच राहिलं.

मॅडमनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं. "देखो, इसने व्हाइट स्पेस कितना अच्छा यूज किया है."

टाळ्या वाजल्या. मी ठिपक्यांचा अर्थ सांगायला उभी राहिले होते. त्याआधीच त्यांनी पुढचं कार्ड उचललं. मी बसले. त्या दिवशी बसमध्ये खिडकीपाशी बसून मी ते कार्ड बघत आले. वाटलं, मॅडमना ते सुंदर दिसलं म्हणजे मी चुकीचं काढलं. नंतर वाटलं, नाही. मी बरोबरच काढलं होतं. बघणाऱ्याने वाचलं नाही.

मॅडम वाईट शिकवत नव्हत्या. उलट चांगल्या शिकवायच्या. त्यांनीच आम्हाला वहीत लिहून घ्यायला लावलं होतं की चार्टमधून काही वगळलं तर खाली बारीक अक्षरात तसं लिहायचं. न सांगता वगळलं तर तो चार्ट खोटा. त्या म्हणाल्या होत्या, डिझायनर झूठ बोलता नहीं, बस चुप रह जाता है, और वही झूठ है. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन होतं. आईवडिलांना बोलावलेलं. कंपन्यांतले लोकही येणार होते. सगळ्यांची कामं वर्गातल्या बोर्डांवर लागणार आणि हॉलच्या दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर एकच चित्र. ते मुग्धाने तयार केलं होतं. जाड कागदाच्या पट्ट्यांवर छापून आलं. चिकटवायचं काम मला दिलं, कारण माझ्या हातून कागदाला सुरकुती पडत नाही.

मी गुंडाळी उलगडली.

तो माझा फोटो होता. मी जिन्यावरून काढलेला. भिंतीएवढा मोठा, अगदी फरशीपर्यंत. डोकी, रांगा, लाल टोपी, हलणारे हात. खाली छापलेले आकडे. एक, दोन, तीन. वर ठळक अक्षरांत मथळा: 'पूरी क्लास, एक नजर में'.

खाली बारीक अक्षरांत काही आहे का ते मी शोधलं. होतं. कागदाच्या दुकानाचे आभार मानले होते.

मी तो चिकटवला. एकही सुरकुती न पडू देता. मग हात धुऊन घरी गेले.

वडिलांनी रजा काढली होती. बुटांना पॉलिश करत दारात बसले होते. आई येणार नव्हती, तिला तिथल्या बायकांशी काय बोलायचं याची धास्ती होती. वडिलांनी मान वर न करता विचारलं, "तुझं काय लावलंय भिंतीवर?"

"मोठा फोटो आहे, पप्पा. सगळ्या वर्गाचा."

"त्यात तू कुठं हाईस?"

मी काढलाय, असं म्हणता आलं असतं. खरंही होतं. त्यांना आनंदही झाला असता. ते पलटणीत सांगत फिरले असते. पण ते ब्रश फिरवत होते, बूट चमकत होता, आणि मला कळलं की उद्या हा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहून एकेक डोकं बघणार. मला शोधणार. सगळी डोकी संपली तरी शोधणार.

"उद्या दाखवते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. स्टोअरमधून पिवळी टेप घेतली. फोटोच्या डाव्या बाजूला, एकच्या आधी, फरशीवर चौकोन केला. कड सरळ काढली. खडूने शून्य लिहिलं. आणि त्यात जाऊन उभी राहिले.



मॅडम आल्या. "ये क्या है?"

"जीरो है, मैम."

"लोग आ रहे हैं, बेटा. हटाओ इसे."

"मैम, इसमें मैं नहीं हूँ. नीचे नोट भी नहीं है."

त्यांनी आवाज खाली आणला. "वो तुम्हारे लिए ही किया था. सबके सामने तुम्हें शर्म आती."

"मुझे शर्म नहीं आ रही थी, मैम. मैं तो बस अपने नंबर पर खड़ी थी."

"एक ही तो थी," त्या म्हणाल्या. चिडून नाही. थकून. मला समजावत असल्यासारख्या.

"हाँ मैम. एक थी."

मग पाहुणे येऊ लागले आणि मॅडमना हसावं लागलं.

मुग्धा आली. इतक्या महिन्यांनी मराठीत बोलली. "अगं, प्लीज ना. आईबाबा आलेत माझे. हे माझं मेन काम आहे. बाजूला हो ना थोडा वेळ, नंतर उभी राहा हवं तर."

"नंतर कुणासाठी?" मी विचारलं.

"तू ना, उगाच इश्यू करतेस."

तिचे आईबाबा मागेच होते. तिच्या आईने मला पायापासून वरपर्यंत बघितलं, खाली शून्य वाचलं आणि तिला हळूच विचारलं, "कोण गं ही?"

मुग्धा म्हणाली, "क्लास में है."

लोक येत होते. काहींना वाटलं मी वाट दाखवायला उभी आहे. एकाने मला बाथरूम कुठे ते विचारलं. मी सांगितलं आणि उभी राहिले. एक बाई थांबल्या. फोटो बघितला, आकडे बघितले, मला बघितलं. त्यांना समजलं असावं, कारण त्या पटकन पुढे गेल्या.

मग वडील आले. चमकणारे बूट, कडक इस्त्रीचा शर्ट. दारातून त्यांनी आधी भिंत बघितली. मला दिसत होतं, ते एकेक डोकं शोधत होते. मग त्यांना मी दिसले.

ते जवळ आले. मी सांगितलं. शून्य म्हणजे काय, फोटो कुणी काढला, का काढला. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल. तसं झालं नाही. त्यांनी आजूबाजूला बघितलं. मॅडम कुठे आहेत, कोण बघतंय.

"चल, नीघ तिथून," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मोठी माणसं हाईत. फी माफ केलीय त्यांनी. नाव खराब करशील."

"पप्पा, तुम्ही बसा."

"आगं ऐक."

"पप्पा, मी इथून हलणार नाही."

ते बसले नाहीत. दाराजवळ जाऊन उभे राहिले. हात मागे बांधून, ताठ, जसे ते आयुष्यभर साहेबांच्या दाराशी उभे राहिले तसे. माझ्याकडे बघेनात. त्यांची भीती मला एवढ्या लांबून दिसत होती. तिच्यापुढे मॅडमचं बोलणं काहीच नव्हतं. त्या पूर्ण हॉलमध्ये माझं एकच माणूस होतं आणि त्यालाही मी तिथून निघायला हवं होतं.

मी निघाले नाही. दिवे बंद करायला माणूस आला तेव्हा मी चौकोनातून बाहेर पाय टाकला. टेप काढली नाही.

परतताना बसमध्ये वडील पुढच्या सीटवर बसले. अजूनही त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत.

प्रदर्शनाच्या कामाला मला सगळ्यात कमी मार्क मिळाले. 'टीमवर्क'च्या पुढे लाल रेघ होती. फीमाफी राहिली, पण मुग्धाची हिंदीही बंद झाली. आता वर्गात मला निळे ठिपके आणखी कमी मिळतात. मोजायची गरज पडत नाही.

मी कॉलेज सोडलेलं नाही. सोडणारही नाही. हे काम मला येतं. मॅडम, तुम्ही शिकवलेले सगळे नियम मला पाठ आहेत आणि ते मी तुमच्याच भिंतींवर लावून बघणार आहे. मी काढीन त्या प्रत्येक चार्टमध्ये ज्याच्या मागे कुणी उभं नाही त्याची रांग आधी येईल. तुमचा शेप बिघडला तर बिघडू दे.

आणि पुन्हा कधी फरशीवर टेप लागली, तर फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. मी माझ्या नंबरवर उभी आहे.