बिनलोण्याचं कॉबलर

ओडेसा टिलमनने ओव्हनचं दार दाणकन आपटलं. जॉर्जियातला जुलै म्हणजे आधीच अंगाची लाही, त्यात हा ओव्हन, आणि त्यात ते खोबरेल तेल! "केसांना चोपडायची वस्तू," ती करवादली, "आणि आता म्हणे कॉबलरमध्ये घाला!"

आख्ख्या गावात कॉबलर करावं तर तिनेच. कुणी गेलं, कुणाचं लग्न ठरलं, चर्चमध्ये पाहुणा पाद्री आला, की ओडेसाचं कॉबलर हवंच. खाली साखरेत रटरटलेली पीच, वर पिठाचा जाड खरपूस थर, आणि ओव्हनमधून काढल्याकाढल्या त्यावर ब्रशने फिरवलेलं वितळलेलं लोणी. शाळेच्या भटारखान्यात जन्म गेला बाईचा. झोपेत उठवलं तरी करील.

पण आज तिची लेक यायची होती, वर्निता. बाप हृदयविकाराने गेला तेव्हापासून वर्निताने दूध, लोणी, अंडी, सगळंच सोडलं होतं. ओडेसाला ते खूळ वाटायचं. मागच्या ईस्टरला तिने लेकीला न सांगता चमचाभर लोणी घातलंच. एवढ्याशाने काय होतंय! वर्निताला कळलं. ती भांडली नाही की रडली नाही. त्यानंतर आईकडे येताना आपला डबा घेऊन यायला लागली. आईच्या टेबलावर स्वतःचा डबा! ओडेसाला ते असं झोंबलं की तिचं स्वतःचं जेवण गोड लागेना.

आणि काल फोनवर लेक आपणहून म्हणाली, "आई, उद्या डबा आणत नाही. तू करशील ते खाईन."

सकाळचं पहिलं कॉबलर चिकट लगदा झालं, कोंबड्यांपुढे गेलं. दुसऱ्यासाठी शेजारच्या लूलाकडून पीच मागून आणावी लागली. पीचमागोमाग लूलाही आली आणि खुर्चीत ठाण मांडून बसली.

"लोण्याशिवाय कॉबलर? अगं, पाण्याशिवाय बाप्तिस्मा कर की मग!"

"तोंड आवर, लूला. माझं डोकं फिरलंय आधीच."

पण दुसरं झकास उतरलं. वरून सोनेरी, कडेने रस बुडबुडतोय. ओडेसाने ते ओट्यावर ठेवलं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. "आली गं बाई!" म्हणत तिने खिडकीतून वाकून पाहिलं. नजर वळवते तो काय, हातात ब्रश, कॉबलरचा वरचा थर चकचकीत, आणि शेगडीच्या उबेला कायम ठेवलेली लोण्याची वाटी अर्धी रिकामी.

"अगं देवा! काय केलंस गं हे, मेल्या हाता!"

"गप्प बस," लूला कुजबुजली. "तिला काही कळायचं नाही."

वर्निता आत आली. हात मोकळे, डबा नाही. "आई! लोण्याशिवाय इतकं देखणं?" तिने चमचा उचलून कॉबलरमध्ये खुपसला.

ओडेसाला पेच पडला. चुकून लागलं म्हटलं तर ईस्टरनंतर कोण विश्वास ठेवणार? आणि गप्प राहिलं तर लेक आज तिच्या टेबलावर जेवणार होती.

"ठेव तो चमचा!" ती ओरडली. "लोणी लागलंय त्याला. हाताच्या सवयीने लावलं मी. खोटं वाटेल तुला, वाटू दे. पण खाऊ नकोस."

वर्निताने चमचा ठेवला, ब्रशकडे बघितलं, आणि बाहेर गाडीकडे गेली. ओडेसाने ब्रश ओट्यावर टाकला. म्हणजे डबा होताच तर गाडीत.

वर्निता परतली ती पीचची टोपली घेऊन. वाटेत टपरीवर दिसली म्हणून तिने घेतली होती. तिने टोपली आईपुढे ठेवली आणि लोण्याची वाटी उचलून लूलाच्या मांडीवर ठेवली. "मावशी, कॉबलर होईपर्यंत ही सोडायची नाही. आई, सोल चल. भूक लागलीय मला."

"आता तिसऱ्यांदा तो ओव्हन!" ओडेसा चिडून म्हणाली, आणि सुरी शोधायचं निमित्त करून तिने पाठ फिरवून डोळे पुसले.