भिवराबाईच्या चुलीतल्या छड्या

चकलांब्यात त्या काळी लेकरू शाळेत घालायचं म्हणजे बापानं निरगुडीची ताजी छडी तोडायची, पानं ओरबाडून साफ करायची आणि लेकरासोबत मास्तराच्या हाती द्यायची. राज्य निजामाचं, पण ही रीत गावाचीच. भिवराबाईचा नवरा पटकीत गेलेला, म्हणून रामहरीची छडी तिनंच तोडली. सरकारी शाळेत मास्तरापुढं ठेवून म्हणाली, "लेकरू तुमच्या पदरात घातलंय. हयगय करू नगा."

मास्तरानं हयगय केली नाही! शाळेत सगळं उर्दू, आणि रामहरीच्या घरी उर्दूचा गंध नाही. मास्तर विचारायचा, हा नुसता बघत राहायचा, की बसली छडी. एकदा अंगठ्याखाली तळहात फुटला. पोरगं आईला म्हणालं, "माय, कळंना म्हणून मारत्यात. मारल्यावर तर आजूकच कळंना." अहो, याहून शहाणं कुणी काय बोलावं? पण भिवराबाईनं दुसऱ्या दिवशी त्याला दंडाला धरून पुन्हा शाळेत नेऊन बसवलं. त्याच दुपारी रामहरी पळाला, तो परत आलाच नाही.

तिनं सगळा मुलूख पालथा घातला. पत्ता लागला नाही तेव्हा तिच्या मनानं एकच घेतलं, गावात मार नसलेली शाळा निघाली आणि त्याच्या कानावर गेली, तर लेकरू माघारी येईल.

नालबंदाचा दस्तगीर उर्दू शाळेत चांगला शिकलेला. तिनं त्याला आपला गोठा झाडून दिला. "शिकव बाबा, पण लेकराला कळंल तसं."

"मावशी, म्याबी मार खाऊनच शिकलोय," दस्तगीर म्हणाला. "मला म्हाईत हाय काय करायचं न्हाई ते."

तो सकाळी आधी पोरांनाच विचारायचा, आज काय पाहिजे? कुणी म्हणायचं, आडात पाणी कुठून येतं? मग सगळी शाळा आडावर. हिशेब ज्वारीच्या कणसांवर, बोली पोरांची. उर्दूही शिकवायचा, पण पोरांना अर्थ उमगल्यावर.

भिवराबाई दारात बसायची. "लेकरू आत, छडी हिकडं!" छड्या चुलीत जायच्या आणि त्यांच्यावर पोरांची आंबील शिजायची. बापे चिडायचे, "बाई, तू पोरं लाडावून ठिवशील."

"लाडावू द्या की. तुमची घरात तरी हायेत."

परवानगी नाही म्हणून सरकारनं शाळा दोनदा बंद पाडली, तिनं दोन्ही वेळा पुन्हा मांडली. बाजाराच्या दिवशी ती गावोगाव जाऊन बायांना गोळा करायची. नेकनूरला शाळा निघाली, शिरूरला निघाली. निघताना दर गावी तिचं एकच सांगणं असायचं, "माझा रामहरी दिसला तर सांगा, आता मारत न्हाईत म्हणावं."

वर्षं गेली. तिची नजर अधू झाली, तरी दारातली जागा सुटली नाही. एका सकाळी कुणी माणूस पोरीला घेऊन आला. हातात छडी.

"पोरगी तुमच्या पदरात घातली. हयगय करू नगा."

"पोरगी आत, छडी हिकडं."

तो छडी सोडेना. "मास्तराला लागंल की."

"न्हाई लागत! सोड म्हणते ना!" भिवराबाईनं त्याचा हातच धरून ओढला, आणि तिची बोटं त्याच्या अंगठ्याखालच्या वणावर पडली. तिनं तो वण चाचपला.

"रामहरी?"

"लोक सांगत व्हते," तो म्हणाला, "पण इस्वास बसंना, माय. म्हणून छडी तोडून आणली. तू ती मास्तरासाठी ठिवून घेतली असतीस, तर नाव न सांगता पोरीला घिऊन माघारी जाणार व्हतो."

भिवराबाईनं तो तळहात दोन्ही हातांनी गालावर दाबला आणि लहान लेकरासारखी रडली. "चुकले रे माझ्या राजा. ती छडी म्याच तोडली व्हती."

छडी कधीच खाली पडली होती. आतून पोरीचा आवाज आला. ती दस्तगीर मास्तरला काहीतरी विचारत होती.