गोफणीने बांधलेला पाय

होटगी जंक्शनवर मी सिग्नलचा फिटर म्हणून नवाच लागलो होतो. प्रथमोपचाराचा वर्गही नुकताच पास झालो होतो. त्या हिवाळ्यात भिमा धनगराचा कळप रूळ ओलांडत असताना एक कोकरू मागे राहिलं. ते उचलायला भिमा वळला आणि मालगाडीच्या सरकत आलेल्या वाघिणीखाली त्याचा पाय सापडला.

मी पिशवी घेऊन पोचलो, तोवर त्याच्या बायकोने, मायाक्काने, त्याच्याच कमरेची गोफण मांडीला आवळली होती. गाठीत लोकर कातायची टकळी अडकवून ती पीळ देत होती. रक्ताची चिळकांडी थांबली. वर्गात शिकवलेला रक्त थांबवायचा पट्टा याहून वेगळा नव्हता. सुटू नये म्हणून मी टकळी बांधून टाकली.

मायाक्काने त्याच्यावर घोंगडं पसरलं.

"बाई, पट्टा उघडा ठेवा. बघणाऱ्याला दिसला पाहिजे."

"कुडकुडत्यात की ते! तुमच्या पुस्तकाला थंडी वाजती व्हय?"

घोंगड्याला बिरोबाचा भंडारा लावलेला. ते काढायला ती तयार होईना. सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला दोघांना मालगाडीच्या रिकाम्या डब्यात चढवलं. माझी ड्यूटी होती, मी मागे राहिलो.

ती मालगाडी मेलला वाट द्यायला मधेच थांबली. गार्डाने डोकावून पाहिलं. काळ्या घोंगड्यावर रक्त दिसेना. तापाचा माणूस समजून तो निघून गेला. मायाक्काला वाटलं, साहेबाला सगळं ठाऊक असणार. गाडी उभीच राहिली.

पट्ट्यामुळे जीव वाचला, पण तो फार वेळ आवळलेला राहिला, असं डॉक्टर म्हणाले. पाय कापावा लागला.

पुढे भिमा फाटकाजवळच्या खोलीत राहू लागला. कळप मायाक्का सांभाळी. दिवाळीनंतर मेंढरांमागे चालत मंगळवेढ्याला जायचं, एवढंच त्याच्या मनात. मी त्याला पट्ट्याने बांधायचा बाभळीचा पाय करून दिला. फलाटावर तो ठाकठोक चालू लागला.

"हितं झोप लागत न्हाय, फिटरसायेब. चारी बाजूंनी भिंती. रानात कसं, कूस बदलली की मेंढराचा श्वास लागतो तोंडाला."

निघायच्या सकाळी मी वेशीपर्यंत गेलो. मुरमाच्या वाटेवर तो सगळ्यांच्या पुढे होता. मग काळं रान लागलं. आदल्या दिवशीच्या पावसाने भिजलेलं. पहिल्याच पावलाला लाकडी पाय पट्ट्यापर्यंत रुतला. ओढून काढला, पुन्हा रुतला.

"माघारी जावा, धनी," मायाक्का म्हणाली. "उन्हाळ्याला येतोच की आमी."

"मी तळाला रुंद फळी लावून देतो," मी म्हणालो.

"लावा की," ती म्हणाली. "पन तवर मेंढरं थांबतील व्हय?"

कळप पुढे निघाला. बराच लांब गेल्यावर भिमाला राहवेना. त्याने टाळ्याला जीभ लावून हाक दिली. सगळी मेंढरं वळली आणि धावत त्याच्याभोवती गोळा झाली. त्याने दोन्ही हात लोकरीत खुपसले.

मायाक्का धापा टाकत आली. तिने लगेच मेंढरं वळवली नाहीत.

"हाका मारू नगा," ती हळू म्हणाली. "तुमी बोलावलं की ती फुडं जातच न्हाईत."

तिने कळप पुन्हा हाकला. भिमाने पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि माझा खांदा धरून, मेंढरं दिसेनाशी होईपर्यंत, तसाच उभा राहिला.