ठरवून घातलेला गोंधळ

"तुम्ही संतापलेले आहात! फसवले गेले आहात!" सारा स्टेजवरून ओरडली. समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या वीसेक माणसांनी अतिशय अदबीने 'बू' केलं. एकाचा आवाज जरा चढला, तर तो शेजारणीला लगेच 'सॉरी' म्हणाला. सुप्रभा देवस्थळींनी कपाळाला हात लावला.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या त्या थिएटरात शंभर वर्षांहून जुना एक रशियन बॅले बसवला जात होता. पॅरिसमध्ये त्याच्या पहिल्या प्रयोगाला ते विचित्र संगीत ऐकून प्रेक्षकांनी इतका दंगा केला की नाचणाऱ्यांना म्हणे वाद्यंच ऐकू येईनाशी झाली. दिग्दर्शिका साराला बॅलेबरोबर तो दंगाही हवा होता. म्हणून प्रेक्षकांत पेरायला हौशी माणसं गोळा केली होती, आणि सुप्रभाताईंच्या मुलीने, चैत्रालीने, न विचारता आईचं नाव देऊन टाकलं होतं.

"आई, तुझी आवाज मस्त मोठा आहे. घरात बसून बोअर होतेस ना?"

"तुझा आवाज," सुप्रभाताईंनी सुधारलं, पण गेल्या.

चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर माधवरावांशी लग्न करून त्या सांगलीहून इथे आल्या आणि इथल्याच एका हॉस्पिटलच्या ओपीडीच्या काउंटरवर निवृत्त होईपर्यंत बसल्या. उशीर डॉक्टरांना व्हायचा, लोक ओरडायचे यांच्यावर. त्या शांतपणे 'आय डू अंडरस्टँड' म्हणायच्या. आता ओरडायची पाळी त्यांची होती, आणि त्यांना ओरडायचंच नव्हतं.

कारण ते संगीत. सुरुवातीला एकच वाद्य एकटं वाजायचं, सनईचा घसा बसावा तसं. मग एकेक वाद्य त्याला येऊन मिळायचं, आणि आता पुढे काय होतंय म्हणून सुप्रभाताई कान टवकारून बसल्या की साराचा हात वर जायचा. "नाऊ!" लगेच शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर शिट्टी फुंकायचे. प्रत्येक तालमीला हेच. पुढचं ऐकायला म्हणून मिळालं नाही.

"अहो, मला ते नीट ऐकायचंय," त्या घरी म्हणाल्या.

"मग लाव की फोनवर." माधवराव क्रिकेट बघत होते. सुप्रभाताईंनी स्वयंपाकघरात जाऊन लावलं. दोन मिनिटांत हॉलमधून माधवरावांचा आवाज आला, "अगं, मिक्सर बिघडलाय का?" त्यांनी फोन बंद केला.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं होतं. खरा ऑर्केस्ट्रा, खरे नाचणारे. ते पहिले सूर अंधारात वर चढले आणि सुप्रभाताईंच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे शिट्टी वाजली. मग 'बू'. हे सगळं नाटक आहे हे कळल्यावर तिकीट काढून आलेल्या लोकांनाही चेव चढला. पुढचा तरुण तर स्टेजकडे पाठ फिरवून स्वतःचाच व्हिडिओ काढू लागला. सुप्रभाताई उठून उभ्या राहिल्या.

"अरे गप्प बसा की मेल्यांनो! ऐकू द्या जरा!"

सगळं थिएटर चिडीचूप झालं. तरुणाने फोन खाली घेतला. नाचणाऱ्यांचे पाय फळ्यांवर आपटत होते आणि तंतुवाद्यं त्याच ठेक्यावर घाव घालत होती. तेवढा तुकडा सुप्रभाताईंना सबंध ऐकू आला. मग कोणीतरी हसलं आणि पुन्हा गोंधळ सुरू झाला.

प्रयोगानंतर सारा धावत आली. "ब्रिलियंट! रोज इथेच उठायचं. याच भाषेत!"

"मी नाटक करत नव्हते, सारा. मला खरंच राग आला होता."

"एक्झॅक्टली!"

"उद्यापासून मी येणार नाही."

सारा गयावया करू लागली. तुम्हाला काय हवं ते सांगा, म्हणाली. "कुणी न ओरडता शेवटपर्यंत ऐकायचंय," सुप्रभाताई म्हणाल्या. साराला वाटलं, एवढ्याने बाई परत येतील. शनिवारी दुपारी रिकाम्या थिएटरात सबंध तालीम होती, त्या तालमीला तिने मायलेकींना बसवलं.

शेवटी शेवटी चैत्राली कुजबुजली, "आई, ती मुलगी मरतो का?"

"मरते. बघ गुपचूप."

गावाला वसंत यावा म्हणून बळी द्यायला निवडलेली ती मुलगी नाचत नाचत कोसळली, आणि भोवतीचे म्हातारे बघत राहिले.

"कसं वाटलं?" साराने उत्साहाने विचारलं.

"पहिला भाग फार आवडला. दुसरा मुळीच नाही. एवढी सगळी जाणती माणसं, आणि एकालाही तिला थांबवावंसं वाटलं नाही?"

"मग आज रात्री याच रागाने ओरडा ना!"

सुप्रभाताईंनी कोटाची बटणं लावली. "काय वाटलं ते सांगितलं तुला. आता पुन्हा कशाला ओरडू?"

त्या परत गेल्या नाहीत. साराने त्यांच्या जागी दुसरी बाई उभी केली. ती रोज ठरल्या वेळी उठून 'क्वाएट!' म्हणायची आणि लोक हसायचे, असं चैत्राली सांगत आली.

"हसणारच," सुप्रभाताई म्हणाल्या.