दाजीची उभी रेघ

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात त्याला सगळे दाजी म्हणत. तसं म्हणायचा हक्क एकट्या मेहुण्याचा. पण मेहुणाही तिथंच कामाला लागला आणि शिपायापासून मालकिणीपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. दाजीचं पोट दुखायला लागलं ते तिथूनच.

दुकानांच्या मागण्या साध्या मजकुराच्या फाइलीत साठवणं हे दाजीचं काम. एका ओळीत एक गिऱ्हाईक: नाव, शेरा, उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्याचा. रकान्यांमध्ये कुंपण म्हणून आधी स्वल्पविराम असे. कुणी शेऱ्यात ‘घाई आहे, लवकर द्या’ लिहिलं की ‘लवकर द्या’ टुणकन नंबरच्या रकान्यात. म्हणून दाजीनं उभी रेघ घातली. शेऱ्यात रेघ कोण कशाला लिहील? ही अक्कल तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचा.

मेहुण्यानं रेघ काढून टॅब, म्हणजे पुढच्या रकान्यापर्यंतची मोकळी जागा, घातला. “दाजी, आता बघा, कसे रकाने रांगेत उभे राहिले!”

“वा! डोळ्यांना गार वाटलं,” मालकीण म्हणाली. रेघेला ती कधी वा म्हणाली नव्हती.

काही दुकानदार शेरा दुसऱ्या तक्त्यातून उचलून चिकटवतात आणि त्याच्या शेपटाला टॅबही येतो, हे दाजीला ठाऊक होतं. तरी तो मूग गिळून बसला. आपटू दे तोंडावर!

आपटलाच. एका शिवणकामवालीच्या शेऱ्यामागं असाच टॅब आला, एक रकाना रिकामा सुटला आणि तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला गेला, उजव्याला साधी काच. ती तणतणत आली. “सुईला दोन भोकं दिसतात. दोरा कुठल्यात घालू?”

दाजी आतून फुलला. “माझ्या रेघेत असं कधी झालं नाही हो,” त्यानं मालकिणीला ऐकवलं.

मेहुणा दिवसभर मान खाली घालून खपला. संध्याकाळी त्यानं दाखवलं: आता प्रत्येक शेऱ्याला दोन्हीकडून अवतरण चिन्हं लागत होती. आत काहीही येवो, रकाना फुटत नव्हता.

“मग कुंपण कुठलंही चालेल?” मालकिणीनं विचारलं.

“कुठलंही. अगदी स्वल्पविरामसुद्धा. दाजी, तुम्हीच निवडा.”

पोरगं मनापासून म्हणत होतं, तेच जास्त झोंबलं.

“घाल तुला काय घालायचं ते!”

मेहुण्यानं रेघच घातली.

“माझा भाऊ किती मान ठेवतो तुमचा!” घरी बायको कौतुकानं म्हणाली.

दाजीनं भरलं ताट पुढं ढकललं.